डाव्या पायाचा ब्रेक

“...आणि डाव्या पायानं ब्रेक धरला, तर एका वळणामागं किती सेकंद वाचतात, उस्ताद?”

दस्तगीर उस्ताद फणसाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर कुठल्याशा ट्रकचा वायपर, हातात पक्कड.

“कुणाचे?” त्यांनी विचारलं.

संयोगिता सरनोबतला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असावं. तिनं प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं.

“ऐकू आलं,” उस्ताद म्हणाले. “सेकंद कुणाचे वाचतात, ते विचारलं.”

कोल्हापुरातून गगनबावड्यापर्यंत गाडी हाणत ती आली होती, ती असलं बोलणं ऐकायला नव्हे.

वय एकोणतीस. रॅलीत उतरायला लागून सात वर्षं झालेली, मातीच्या रस्त्यावर राज्यात दोनदा पहिली आलेली. चषक शोकेसमध्ये मावेनात म्हणून आईनं काही पोटमाळ्यावर चढवले होते. आपल्याला गाडी शिकवील असं आता कुणी उरलेलं नाही, अशी तिची समजूत होती. उस्तादांचं नाव तिला तिच्या मेकॅनिकनं सांगितलं. “बावड्याला एक म्हातारा आहे. डाव्या पायाचं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही,” तो म्हणाला होता. “बोलत मात्र नाही फारसा.”

तिनं स्टूल ओढून घेतलं.

“मला त्यातलं तत्त्व ठाऊक आहे. उजवा पाय रेसवरून उचलून ब्रेकवर नेईपर्यंत गाडी मोकळी सुटते. उजवा रेसवरच ठेवला आणि ब्रेक डाव्यानं धरला, तर गाडीचं नाक दबलेलं राहतं आणि मागची बाजू वळणात आपोआप फिरते. माझ्या गाडीला पुढची चाकं ओढतात, तिला तर हे हवंच. बाहेरच्या देशांत सगळे असंच चालवतात.”

“मग?”

“मग काही नाही.” ती थांबली. “मला जमत नाही.”

हे वाक्य तिनं आजवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं.

उस्तादांनी पक्कड खाली ठेवली.

“चल.”

गावाच्या वरच्या अंगाला सडा होता. कातळाचं मोठं सपाट पठार, मैलभर उघडं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि कातळाच्या फटींतलं गवत पिवळं पडायला लागलं होतं. आपटायला झाड नाही, बांध नाही.

उस्ताद डाव्या सीटवर बसले. बसण्याआधी त्यांनी दरवाजा दोनदा उघडून मिटून पाहिला, त्याच्या पत्र्यावरून तळवा फिरवला.

“बूट काढ,” पट्टा लावून झाल्यावर ते म्हणाले. “दुसऱ्या गिअरात चाळीसवर ने. रेस सोडू नको. मी म्हणेन तेव्हा डाव्या पायानं ब्रेक.”

गाडी चाळीसवर गेली.

“हं.”

तिनं डावा पाय टाकला. गाडी जागच्या जागी खिळली, इंजिन बंद पडलं. पट्टा असूनही उस्तादांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर आपटले. मागून आलेली धूळ गाडीवरून पुढं निघून गेली.

“परत,” उस्ताद म्हणाले.

परत तेच झालं. दहा वेळा झालं. कधी गाडी खिळायची, कधी मागची बाजू अर्धा फेरा मारून तोंड फिरवायची. अकराव्यांदा तिनं स्टिअरिंगवर मूठ आपटली.

“डाव्या पायानं आजवर काय काम केलं?” उस्तादांनी विचारलं.

“क्लचचं.”

“क्लच कसा दाबतात?”

“तळापर्यंत. एका दमात.”

“इतकी वर्षं तेवढंच शिकवलंस त्याला. आता तो ब्रेकही तसाच दाबतोय. त्याच्यावर कशाला चिडतेस?”

ती बाहेर बघत राहिली.

उस्ताद आपलं मनगट चोळत होते. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “या सीटवर रोज कोण बसतं?”

“नॅव्हिगेटर. पुढचा रस्ता वाचून सांगते ती. मीनल.”

“कुठं आहे?”

“घरी.”

“हा दरवाजा नवा आहे,” उस्ताद म्हणाले. “रंग मिळवलाय चांगला. पण नवा आहे.”

सड्यावर वारा सुटला होता. संयोगितानं इंजिन चालू करायला हात नेला आणि तसाच मागं घेतला. मग तिनं सांगितलं.

श्रावणातली रॅली होती. डाव्या पायाचं तंत्र तिनं व्हिडिओ बघून बघून घोकलं होतं आणि कुणाला न सांगता त्याच दिवशी वापरायचं ठरवलं होतं. मीनललाही सांगितलं नव्हतं. उसाच्या फडांमधून जाणारा चिखलाचा रस्ता, पुढं उजवं वळण. मीनल वही वाचत होती. खाली मान घालून, एकेक वळण मोजून, नेहमीच्या त्या शांत आवाजात. संयोगिताचा डावा पाय ब्रेकवर पडला तो क्लचवर पडावा तसा. गाडी फिरली आणि आडवी होऊन दगडी बांधावर गेली. डाव्या बाजूनं.

“मला खरचटलंही नाही,” ती म्हणाली.

मीनलचं डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत धातूची पट्टी घालावी लागली. दवाखान्यातून मीनलनंच फोन केला होता. पहिलं वाक्य होतं, वही सापडली का.

“तू काय म्हणालीस?”

“सापडली म्हणाले.”

“आणि भेटलीस कधी?”

तीन महिने ती दर आठवड्याला फळांची पेटी पाठवत होती. स्वतः गेली नव्हती. मीनलच्या गल्लीवरून जावं लागू नये म्हणून रंकाळ्याला लांबून वळसा घालत होती.

उस्तादांनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि उतरले.

“उद्या तिला घेऊन ये.”

“आधी मी शिकते, उस्ताद. नीट जमलं की मग आणते तिला.”

“ती नसताना जमलं की नाही, हे कळणार कशावरून?”

“तुम्ही आहात ना.”

“मला तीस वर्षांची सवय आहे. मी काहीही सोसतो,” उस्ताद म्हणाले आणि गावाच्या दिशेनं चालू लागले.

त्याच संध्याकाळी ती मीनलच्या दारात उभी राहिली. वाटेत तिनं चार वाक्यं जुळवली होती. दार मीनलनंच उघडलं, डाव्या हातानं, जरा वेळ लावून. संयोगिताची नजर त्या हातावर गेली आणि चारही वाक्यं गेली.

मीनल एका कॉलेजात गणित शिकवायची. कडक म्हणून मुलं तिला घाबरायची. तिनं संयोगिताकडं नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“डाळिंबं पाठवलीस ना तू,” ती म्हणाली. “डाळिंब सोलायला दोन हात लागतात, संयू.”

संयोगिता हसायला गेली आणि तिला रडू आलं. मीनलनं तिला रडू दिलं. मग आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, आणि बावड्याच्या म्हाताऱ्याची सगळी हकीकत ऐकून घेतली.

“किती वाजता निघायचं?” तिनं विचारलं.

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते ना.”

“मग?”

“मग काय. तू शिकायला निघालीस. आधी सांगितलं असतंस तर तेव्हाही आले असते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं सड्यावर होती. रॅलीच्या गाडीत मागची सीट काढून टाकलेली असते, तिथं नुसता लोखंडी पाइपांचा पिंजरा. त्या पिंजऱ्यात दुमडलेलं पोतं टाकून उस्ताद मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांनी दोन पाइप धरले.

“मीनलताई, डोळे मिटा,” ते म्हणाले. “ब्रेक लागला असं वाटलं की ‘आता’ म्हणायचं. एवढंच तुमचं काम.”

“आणि माझं?” संयोगितानं विचारलं.

“तिला ‘आता’ म्हणायला लागू नये, हे तुझं.”

गाडी निघाली. डावा पाय टेकला.

“आता,” मीनल म्हणाली.

पुन्हा.

“आता.”

उस्ताद अधूनमधून एखादं वाक्य बोलायचे. टाच खाली टेकव, वरून पाय टाकू नको. पायाचं वजन पेडलवर देऊ नको, टाचेवर दे. उजवा पाय जागचा हलवू नको, तो आपलं काम करतोय. फार वेळ दोन्ही धरू नको, ब्रेकचा वास यायला लागलाय. मीनलचं “आता” तेवढं चालू राहिलं. ना राग, ना कुरकुर, मुलांची हजेरी घ्यावी तशा आवाजात.

साठ-सत्तर वेळा ते ऐकल्यावर संयोगितानं गाडी थांबवली.

“मी दाबतच नाही आता, उस्ताद. जेमतेम पाय लावते. तरी हिला कळतं.”

“दाबतेस.”

“ब्रेक दाबायचा नाही, तर करायचं काय?”

“विचारायचं.”

“काय विचारायचं?”

“थांबतेस का म्हणून.”

“आणि नाही थांबली तर?”

“आजवर तू कधी विचारलं होतंस?”

दुपारी सड्याच्या कडेला बसून त्यांनी भाकरी खाल्ली. उस्तादांच्या घरून आलेली गवारीची भाजी होती. मीनल डाव्या हातानं सावकाश तुकडा मोडत होती. तिला तो हात वापरायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. संयोगिता बघत होती. आपण मोडून द्यावा असं तिला वाटलं, पण तिनं ते केलं नाही.

“तुम्ही हे कुठल्या रॅलीत शिकलात?” तिनं उस्तादांना विचारलं.

“मी रॅली बघितलीसुद्धा नाही.”

दोघी त्यांच्याकडं बघायला लागल्या.

“दवाखान्याची गाडी चालवायचो,” उस्ताद म्हणाले. “खालच्या गावांतनं माणूस उचलायचा, घाट चढायचा, कोल्हापूरला पोचवायचा. तीस वर्षं.”

ते पाणी प्यायले.

“एकदा एक बाई होती. माळ्यावरनं पडलेली. कंबर गेलेली तिची. मी ब्रेक लावला की ती कण्हायची. वळणाला ब्रेक, की कण्हणं. मी गाडी हळू केली, तरी तेच. मग ध्यानात आलं, तिला ब्रेकचा त्रास नाही. रेस सोडतो आणि ब्रेक धरतो, त्या मधल्या हिसक्याचा त्रास आहे. डावा पाय तर नुसता पडून होता. म्हटलं, बघू.”

“मग?” मीनलनं विचारलं.

“पहिल्यांदा जोरात ओरडली. म्हटलं, चुकलं माझं आई. मग पुढच्या वळणाला जरा कमी. तिच्या आवाजावर मी पाय धरत गेलो. ती सांगत गेली, मी ऐकत गेलो. घाट संपला, रस्ता सरळ झाला. कळे गावाच्या अलीकडं तिनं पाणी मागितलं.”

“मग?”

“एवढ्या दुखण्यात माणसाला तहान कळत नाही. तिला कळली.” उस्तादांनी भाकरीचे कण झटकले. “माझी उस्ताद ती. नाव विचारायचं राहून गेलं. पण घाटात डावा पाय टेकवला, की अजून मनातल्या मनात तिला सलाम करतो.”

संयोगितानं आपल्या डाव्या पायाकडं पाहिलं. अनवाणी, धुळीनं माखलेला, टाचेला पेडलखालच्या रबराचा काळा डाग. सात वर्षांत त्याच्याकडं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

जेवणानंतर ती पुन्हा गाडीत बसली. आता ती रस्ता बघत होती, पण कान डावीकडं होते. मीनलच्या श्वासाकडं. पट्ट्याच्या करकरीकडं. मान पुढं आली की पट्टा करकरतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पाय टेकवताना ती त्या आवाजाची वाट बघायला लागली. आवाज आला की पाय तिथंच थांबवायची, एक केसभर मागं घ्यायची.

“आता,” मीनल म्हणाली. बऱ्याच वेळानं.

मग त्याहून बऱ्याच वेळानं.

ऊन कलल्यावर उस्ताद पिंजऱ्यातून वाकत वाकत बाहेर आले. दोन्ही गुडघे धरून उभे राहिले.

“उद्या घाट,” ते म्हणाले. “पहाटे या. रस्त्याला वर्दळ नको.”

संध्याकाळी दोघी कोल्हापूरला परतल्या. मीनलच्या दारात गाडी उभी राहिली, तेव्हा संयोगिता म्हणाली, “चुकलं माझं.” तीन महिन्यांपूर्वी म्हणायला हवं होतं ते एवढंच होतं.

“हो,” मीनल म्हणाली. “उद्या किती वाजता?”

पहाटे घाटाच्या तोंडाशी धुकं होतं. उजाडत आलं होतं, तरी दिवे लावावे लागले. उस्ताद मागं पोत्यावर बसले, डोक्याला मफलर गुंडाळून. मीनल डावीकडं. तिनं मांडीवर वही घेतली होती. सवयीनं घेतली असावी, कारण उघडली नाही. आदल्या संध्याकाळपासून ती परीक्षेचे पेपर तपासत बसली होती आणि तिचे डोळे लाल झाले होते.

“मिटू ना?” तिनं विचारलं.

“मिटा,” उस्ताद म्हणाले.

गाडी घाट उतरायला लागली.

पहिल्या वळणाला संयोगितानं डावा पाय टेकवला. उजवीकडं डोंगर, डावीकडं कठडा, आणि कठड्यापलीकडं नुसतं पांढरं. कठडा मीनलच्या बाजूला होता.

“आता,” मीनल म्हणाली.

संयोगितानं टाच घट्ट टेकवली. उजवा पाय रेसवर तसाच, मुंगी चिरडू नये इतका हलका. दुसरं वळण. तिनं मनात विचारलं, थांबतेस का. गाडीनं वेग कमी केला. तिनं कमी करायला लावला नव्हता, गाडीनंच केला, असं तिला वाटलं. नाक खाली गेलं नाही. मागची बाजू शांतपणे वळली.

“आता,” मीनल म्हणाली, पण खात्री नसल्यासारखं.

तिसरं वळण. चौथं. एक दुधाची गाडी खालून आली, तिला बाजू देण्यासाठी जवळजवळ थांबावं लागलं, तेही झालं. धुकं विरळ होत गेलं. खाली कोकणातली झाडी दिसायला लागली, कौलांवरून निघालेला धूर दिसायला लागला.

पाचव्या वळणाला काही आवाज आला नाही. सहाव्याला नाही.

मीनल घाबरून गप्प झाली की काय. का आपल्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणत नाही. डावीकडं मान वळवायची सोय नव्हती. तिनं मागच्या आरशात पाहिलं. आरशात उस्ताद दिसले. त्यांनी एका हातानं पाइप धरला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं होतं.

मग एक सरळ तुकडा आला आणि तिनं डावीकडं पाहिलं.

मीनलचं डोकं खिडकीकडं कललं होतं. तोंड किंचित उघडं. वही मांडीवरून घसरून पायाशी पडली होती. पट्टी घातलेला हात मांडीवर उताणा, बोटं सैल, झोपलेल्या माणसाची असतात तशी.

याच सीटवर. याच बाजूच्या दरवाजाला टेकून.

संयोगिताला पुढचा रस्ता अंधुक दिसायला लागला. तिनं बाहीनं डोळे पुसले. पाय मात्र हलला नाही, तो आपल्या जागी टेकलेला होता, जिवंत, तिच्याआधी सगळं ऐकणारा. उरलेली वळणं तिनं कशी उतरली, हे तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. तिनं जिंकलेल्या सगळ्या शर्यती तिला आठवतात, प्रत्येक वळण आठवतं, या घाटाचं मात्र फक्त एवढंच आठवतं की आपण कुणाला तरी सांभाळून खाली नेत होतो, आणि त्यानं आपल्यावर तेवढा विश्वास टाकला होता. कोणी टाकतं का एवढा, मोडलेल्या हाताचं माणूस.

पायथ्याशी आंब्याचं मोठं झाड होतं. त्याच्या खाली, रस्त्याच्या कडेला तिनं गाडी आणली. ती कधी थांबली, ते तिला स्वतःलाही कळलं नाही.

ऊन नुकतं आलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

ती मागं वळली. उस्तादांना काहीतरी म्हणायचं होतं. दक्षिणा विचारायची होती, पाया पडायचं होतं, त्या नाव नसलेल्या बाईबद्दल काही बोलायचं होतं. उस्ताद तिच्याकडं बघत होते. मफलर सुटून खांद्यावर आला होता. त्यांनी मान जराशी हलवली, मिळालं म्हणावं तशी.

तिनं डोळे पुसले. उतरून त्यांच्या पाया पडावं म्हणून इंजिन बंद करायला हात किल्लीकडं नेला.

मागून उस्तादांचा हात आला आणि तिच्या हातावर अलगद टेकला.

“बंद करू नको,” ते कुजबुजले. “थांबलोय, हे तिला कळेल.”